टोल्या, पेटी आणि पेटी सांभाळणारे

(वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, उपवासकाळातल्या शुक्रवारी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फादर, सिस्टर आणि माझ्या बंधुभगिनींनो,

मला विषय दिलाय 'औदार्य आणि आध्यात्मिक नूतनीकरण'. माझी सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. नूतनीकरण म्हटलं की मला आधी मुदत ठेवीची पावती आठवते. तेव्हा सुरुवात पैशापासूनच करतो.

चर्चचं छप्पर गळायला लागलं की आपल्याला एक बाई हमखास आठवते. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी गरीब विधवा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एकविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ती येते. आज घरी गेल्यावर विसाव्या अध्यायाचा शेवटही वाचा. तिथे प्रभू येशू शास्त्र्यांवर, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांवर, संतापलाय. लांब झगे घालून मिरवतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात, असं तो म्हणतो. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. लूकने लिहिलं तेव्हा मध्ये रेघ नव्हती. 'विधवांची घरं गिळतात' हे शब्द संपतात आणि समोर विधवा उभी राहते! तिच्यामागोमाग लोक मंदिराच्या सुंदर दगडांचं कौतुक करायला लागतात, तर तो सांगतो, इथे दगडावर दगड राहणार नाही.

तिने सर्वांपेक्षा जास्त टाकलं, असं तो म्हणतो. 'तुम्हीही असंच करा' असं मात्र तो म्हणत नाही. तिची उपजीविका त्या पेटीत गेली. त्या संध्याकाळी तिची चूल कशी पेटली? हा प्रश्न पेटी सांभाळणाऱ्यांना आहे, म्हणजे मलाही. मी या पेटीतली चिल्लर मोजत आलोय.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर संत जस्टिन यांनी रोमच्या बादशहाला ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते लिहून कळवलं. वाचन होतं, प्रवचन होतं, भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. जे आले नाहीत त्यांच्यासाठी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, प्रभुभोजन घरी घेऊन जातात. ज्यांना जमतं ते आपल्या मर्जीने पैसे देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय होते. हे सगळं त्यांनी एका दमात लिहिलंय. प्रभुभोजन घरी पोचवणं आणि पैसे पोचवणं, मध्ये परिच्छेदसुद्धा बदललेला नाही. आपण मिस्सा, म्हणजे हीच उपासना, वेदीवर ठेवली आणि पैसे ऑफिसात.

आता थोडं रूक्ष बोलतो. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, 1983 च्या धर्मसंहितेत, 537 वा नियम सांगतो की प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती हवीच. 1287 वा सांगतो की भाविकांनी जे दिलं त्याचा हिशेब भाविकांना द्यायचा. काहींना वाटतं, देवाच्या घरात ताळेबंद कशाला? प्रेषित पौलाला विचारा. जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषिताला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं?

पण हिशेब चोख असून माणूस कोरडा राहू शकतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन संत विन्सेंट दी पॉल संस्था सुरू केली. झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांनी या पोरांना शिकवलं की गरिबाच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. 1863 मध्ये ही संस्था पुण्यात आली आणि पुढे धर्मग्रामाधर्मग्रामांत पसरली. आपल्या शाखेत मी निवृत्तीनंतर आलो. पहिल्याच फेरीत स्टेशनजवळच्या एका चाळीत तांदळाची पिशवी दिली आणि अहवालासाठी फोटो काढला. बाईंनी पदर तोंडावर ओढला. मी म्हटलं, "जरा इकडे बघा." त्यांनी बघितलं. फोटो चांगला आला.

नंतर त्या म्हणाल्या, "बसा की, चहा ठेवते." आम्हाला अजून चार घरं उरकायची होती. 'उरकायची' हाच शब्द माझ्या मनात होता. तरी बसलो. आम्हीच आणलेल्या साखरेचा चहा, गोड जरा जास्तच. बोलता बोलता कळलं, त्या गेली सहा वर्षं आपल्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. त्या शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा माझी नेहमीची यादी, राग, आळस, प्रार्थना चुकली, बाजूला ठेवली आणि फोटोचं सांगितलं. इतक्या वर्षांत गुडघे टेकताना पहिल्यांदा लाज वाटली. नूतनीकरण कशाला म्हणतात ते मला तेवढंच ठाऊक आहे.

आपल्या वाडवडिलांना हे उमगलं होतं. 1918 साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पतपेढी काढली, तीच पुढे बॅसिन कॅथलिक बँक झाली. सावकाराच्या व्याजात रुतलेल्या शेतकऱ्याला त्यांनी भीक दिली नाही, पासबुक दिलं. पासबुक घेताना पदर ओढावा लागत नाही.

शेवटचं. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', सहावा अध्याय. जेरुसलेमच्या मंडळीत भांडण लागलं. स्थानिक हिब्रू आणि बाहेरून आलेले ग्रीक बोलणारे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक मंडळींची तक्रार. म्हणून सात जण निवडले गेले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक! ज्यांनी तक्रार केली, थैली त्यांच्याकडेच दिलेली दिसते. लगेच पुढे लूक लिहितो की देवाचं वचन पसरत गेलं.

आपल्या धर्मग्रामातही वाडीतले आपण आहोत आणि मुंबईहून, केरळहून, तामिळनाडूतून येऊन स्टेशनकडच्या इमारतींत राहणारे आहेत. आर्थिक समितीत आपण नऊ जण. नवाही आडनावं आपल्या वाड्यांतली, मी काल मोजली. नवी समिती जूनमध्ये बसेल. मी माझी जागा सोडतोय, तसं फादरांना लिहून दिलंय, आणि त्या जागेसाठी स्टेशनकडच्या एका ताईंचं नाव सुचवलंय. बाकी आठ जण इथेच बसलेत.

फादर घड्याळ दाखवताहेत. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला पाच मिनिटं आहेत.