दीड वर्षाच्या लशीला आजीलाही आणा

नमस्कार श्रोतेहो. बाळाच्या लशीचं कार्ड पाहा. १६ ते २४ महिन्यांच्या रकान्यात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आहे, डीपीटीचा बूस्टर आहे. त्याच वयात आणखी एक तपासणी व्हायला हवी, स्वमग्नतेची, म्हणजे ज्यात मुलाला इतरांशी संवाद साधणं जड जातं त्या ऑटिझमची. तिला सुई लागत नाही. दीड वर्षाला एकदा, दोन वर्षांना पुन्हा एकदा.

त्यासाठी एम-चॅट-आर नावाची प्रश्नावली आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, प्रश्न २०, उत्तरं पालकांनी द्यायची, हो किंवा नाही. नावानं हाक मारली की बघतो का? काही गंमत दिसली की बोटानं तुम्हाला दाखवतो का?

या बोटावरून सांगतो. बूस्टरसाठी एक कुटुंब आलं होतं. मुलगा गुटगुटीत, वजन उत्तम. वडील कौतुकानं म्हणाले, "डॉक्टर, फार शहाणा आहे. एकटाच गाडीचं चाक फिरवत बसतो, त्रास म्हणून नाही." बोलत नव्हता, पण वडील स्वतःही उशिराच बोलले होते म्हणे. हाकेला बघत नाही, कान तपासायचे का, असं आईनं हळूच विचारलं. तर वडील म्हणाले, "आत बिस्किटाचा पुडा फोडला की बाहेरून पळत येतो, कानाला काय धाड भरलीय?"

मी प्रश्न वाचायला लागलो. बोट दाखवतो का? वडील म्हणाले, हो, हवं ते बरोब्बर मागतो. तेवढ्यात दाराजवळच्या आजी बोलल्या. "मागतो, पण कसं ते सांग की. माझं मनगट धरतो, फडताळापाशी नेतो न् माझा हात डब्यावर ठेवतो. तोंडाकडं बघत नाही माझ्या. एवढी नातवंडं सांभाळली मी. कावळा दिसला की बोट करायची न् वळून माझ्याकडं बघायची, आजी बघतीय का म्हणून. ह्यानं मला अजून एकदा काऊ दाखवला नाही."

श्रोतेहो, हवं म्हणून हात ओढणं वेगळं आणि "बघ ना" म्हणून बोट दाखवणं वेगळं. पुन्हा सांगतो, "बघ ना" म्हणून बोट दाखवणं. आजींनी नेमकं तेच हेरलं होतं. कानांची तपासणी व्यवस्थित आली, पुढे तज्ज्ञांनी स्वमग्नतेचं निदान केलं आणि दोन वर्षांच्या आत थेरपी सुरू झाली. आज तो शाळेत जातो, छोटी छोटी वाक्यं बोलतो.

हल्ली दवाखान्यांत "सोबत एकानेच आत यावे" अशी पाटी असते. मला ती मुळीच पटत नाही. मूल दिवसभर ज्याच्याजवळ असतं, त्याला आत येऊ द्या. सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही.

प्रश्नावलीत गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच अर्थ. पण "शाळेत गेला की बोलेल" म्हणत थांबू नका. आणि लशीनं ऑटिझम होतो ही भीती मनातून काढून टाका. १९९८ च्या ज्या शोधनिबंधानं ती पसरवली, तो २०१० मध्ये त्याच नियतकालिकानं मागे घेतला.

गावात असाल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यातल्या डॉक्टरांना शंका मोकळेपणानं सांगा. ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात पाठवतात, आणि तिथे पैसे पडत नाहीत.