सोनं कोणाच्या हाती द्यायचं?

भट्टीत मूस लालबुंद झाली आहे. कारागीर तिच्यात चिमूटभर टाकणखार टाकतो आणि मोडीचे दागिने बघता बघता वितळून जातात. थोड्याच वेळात साच्यातून लगड निघेल. शहर परराज्यातलं आहे, पण भट्टीपुढे बसलेल्या माणसाला गाव विचारा. विटा, खानापूर, आटपाडी नाहीतर तासगावकडचं एखादं खेडं, असं उत्तर यायची शक्यता मोठी.

गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या व्यवसायाने सांगली जिल्ह्याचा हा दुष्काळी पट्टा देशभर पोचवला. पाऊस दगा द्यायचा, शेतीवर भागत नव्हतं, हे खरंच. पण दुष्काळ आणखी कितीतरी तालुक्यांत होता. मग सोनं-चांदी गाळायला इथलीच माणसं एवढ्या संख्येने का गेली? पावसाच्या आकड्यांत याचं उत्तर सापडत नाही. कोण कोणाच्या मागोमाग गेला, ते बघावं लागतं.

समाजशास्त्रात या बघण्याची एक पद्धत आहे, सामाजिक जाळ्यांचं विश्लेषण. माणूस म्हणजे ठिपका, संबंध म्हणजे रेघ. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी अमेरिकेतल्या मुलींच्या एका सुधारगृहाचे असे नकाशे काढले आणि १९३४ साली ते पुस्तकात छापले. कोणाला कोणाबरोबर राहायला आवडेल, एवढंच मुलींना विचारलं होतं. तिथून पळून जाणाऱ्या मुलींचं कोडं त्यांनी या रेघांवरून उलगडायचा प्रयत्न केला.

पुढे १९७३ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा एक लेख आला. बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या माणसांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचितच. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते.

गलाईत मात्र भाचा जातो, चुलतभाऊ जातो, भावकीतला पोरगा जातो. इथे जवळचीच नाती कामाला आली. ग्रॅनोव्हेटर चुकले असं यातून निघत नाही. खबर कोणीही आणावी, पण सराफाचं सोनं ज्याच्या हाती सोपवायचं, त्याच्या सचोटीची हमी देणारं कोणीतरी हवं. पोराने गडबड केली तर गावाकडे बापाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हीच ती हमी. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८८ साली न्यूयॉर्कच्या हिरे बाजाराबद्दल असंच काही लिहिलं. तिथले व्यापारी हिऱ्यांची पिशवी पारखायला एकमेकांकडे देत, लेखी हमीशिवाय. घराणं, वस्ती, धर्म यांनी ते एकमेकांशी बांधलेले होते.

आता शेजारच्या कर्नाटकात येऊ. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्तेर द्युफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या खेड्यांत घरोघरी माहिती गोळा केली. रॉकेल किंवा तांदूळ कोणाकडून उसने आणता? देवळात कोणाबरोबर जाता? नंतर यातल्या ४३ गावांत छोट्या कर्जांची योजना आली. ज्या गावात पहिली बातमी जाळ्याच्या मध्यावरच्या, म्हणजे ज्यांच्या ओळखी गावभर पोचतात अशा माणसांना मिळाली, तिथे कर्ज घेणारे जास्त निघाले. नंतरच्या अभ्यासात तर घरोघरी फिरून नकाशा काढायचीही गरज उरली नाही. बातमी पसरवायला कोणाला सांगू, असं गावकऱ्यांनाच विचारलं, आणि त्यांनी अचूक माणसं दाखवली. मानाची माणसं त्या कामात मागे पडली. आरोग्य खात्याने आणि कृषी खात्याने हे मनावर घ्यायला हवं, असं आम्हाला कळकळीने वाटतं.

खानापूर तालुक्यात असा नकाशा काढायचा झाला तर एक काळजी आधीच घ्यावी लागेल. फक्त दुकानातल्या भागीदाऱ्या विचारल्या, तर बायका नकाशातून गायबच होतील. मूळ घर कोणी सांभाळलं, पोराला मामाकडे पाठवा असा शब्द कोणी टाकला, हेही विचारायला हवं. एखाद्या बाईच्या माहेरची ती एक रेघ पुढच्या दहा दुकानांचं मूळ असू शकते.

आणि घाई करायला हवी. सुरुवातीला गेलेली पिढी आता थकली आहे. यात्रेला ही मंडळी गावी येतात, तेव्हाच वही घेऊन बसावं. पहिला प्रश्न साधाच असू द्या: काका, पहिल्यांदा गाव सोडलंत तेव्हा कोणाच्या दुकानावर उतरला होतात?