कागद आधी, कढई मग

[दृश्य: अंधार. चुलीचा जाळ. लोखंडी कढईत रेती खडखडते.]

पहाटेचे चार. अरुणनगरात अजून कोंबडाही आरवलेला नाही, पण या आवारात चूल पेटली आहे. एका कढईत मिठाच्या पाण्याने ओलावलेला तांदूळ मंद आचेवर परतला जातोय. दुसरीत नुसती रेती. तापलेली इतकी, की जवळ वाकलं तरी चेहरा भाजतो. काकी ओंजळभर तांदूळ रेतीत टाकतात आणि काड्यांची जुडी दोनदा फिरवतात. तडतड होते आणि कढई पांढरी दिसू लागते. लगेच चाळणी. रेती खाली, मुडी वर.

आपण मुरमुरे म्हणतो. या बंगाली घरात मुडीच म्हणतात. बाकी बोली आता पुरती झाडीपट्टीची झाली आहे.

[दृश्य: धानाच्या बांध्या, बोडी म्हणजे लहान तळं, एसटीतून दिसणाऱ्या गावांच्या पाट्या.]

गोंदिया जिल्ह्यातला हा अर्जुनी मोरगाव तालुका. गावांच्या पाट्या वाचत जा. कुठे टोला, कुठे बांध, कुठे गाव, आणि मध्येच अरुणनगर, गौरनगर. धानाच्या मुलखात एवढ्याशा वस्तीला 'नगर' कोण म्हणेल? सरकारने वसवलं असेल तरच. फाळणीनंतर पूर्व बंगालातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, उखडलेली कुटुंबं १९६० नंतरच्या काळात चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, आणि भंडारा जिल्ह्यांत आणून वसवली गेली. नदीकाठची माणसं होती. इथे त्यांच्या वाट्याला जंगल आलं.

याच तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ, गोठणगावला आणखी एक वस्ती आहे. नाव नॉर्ग्येलिंग. लोक म्हणतात तिबेटी कॅम्प. १९५९ नंतर ल्हासाकडून निघालेल्यांचा हा मुक्काम १९७२ मध्ये इथे पडला. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, पण तिबेटी वसाहतींच्या यादीत या कॅम्पपुढे अजून 'भंडारा' असंच लिहितात. आधीच ज्यांचा पत्ता एकदा हरवला, त्यांचा जिल्हाही बदलला. टेबलापलीकडचा बाबू विचारतो, "नक्की कुठले?" आता यावर काय सांगायचं!

[दृश्य: काकी डब्यातून कागद काढतात. प्लास्टिकच्या पिशवीत आणखी एक पिशवी.]

मुडी विकायची कल्पना काकींना बचत गटातून आली. आधी घरापुरतीच व्हायची. २०२० मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना आली. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या बाईसाठी तीत ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे. गावात सगळे त्याला अनुदानच म्हणतात. खरं तर अनुदान मिळतं ते गटांच्या संघाला. बाईच्या हाती येतं ते कर्ज, आणि ते गटाला फेडायचं असतं. फेडलेले पैसे पुढच्या बाईकडे जातात. फुकट नाही म्हणून काहींनी नाक मुरडलं. आम्हाला मात्र हीच बाजू बरी वाटली.

त्या पैशात दोन कढया आल्या, चाळण्या आल्या, पाकीट बंद करायचं यंत्र आलं आणि धानाची काही पोती. अन्न परवान्याची नोंदणी झाली, वर्षाला १०० रुपये. हे सगळं दोन वाक्यांत सांगून झालं. प्रत्यक्षात सगळा वेळ गेला तो कागदांत.

"कागद आना म्हनते. कोनता आनू? जो आनला तो चालत नाही म्हनते."

हे काकींचं बोलणं विनोदी वाटेल, पण त्यात तथ्य आहे. इथली बरीच बंगाली कुटुंबं नमःशूद्र. पश्चिम बंगालात ही जात अनुसूचित जातींत येते, महाराष्ट्रात येत नाही. म्हणजे तोच माणूस, तेच आडनाव, पण राज्य बदललं आणि दाखला गेला. त्याचा हिशोब थेट पैशात होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान आणि अनुसूचित जातींसारख्या विशेष प्रवर्गाला ३५ टक्के. स्वतःचा वाटाही पहिल्याला १० टक्के, दुसऱ्याला ५ टक्केच. यातून वाट एकच, आणि ती गावाने बरोबर हेरली आहे. विशेष प्रवर्गात महिलाही येतात. म्हणून नवरा यंत्र चालवणार असला तरी अर्ज बायकोच्या नावावर.

त्यातही अनुदान हातात पडत नाही. तीन वर्षं ते बँकेत ठेव म्हणून पडून राहतं. हे आधी कुणी सांगत नाही.

[दृश्य: नॉर्ग्येलिंग. प्रार्थनेच्या पताका. बंद दारं.]

गोठणगावला आम्ही डिसेंबरात गेलो, हीच चूक झाली. अर्धा कॅम्प गावात नव्हता. हिवाळा म्हणजे स्वेटरचा हंगाम. लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून माल उधारीवर उचलायचा, शहरातल्या फुटपाथवर मांडायचा आणि थंडी सरली की उधारी चुकती करायची. थंडीच पडली नाही तर? एका आजोबांनी आभाळाकडे बोट दाखवलं. धान उन्हापावसावर, स्वेटर थंडीवर. दोन्ही धंदे आभाळाच्या हातात.

कर्ज मागायला गेलं तर तारण काय देणार? जमीन भाडेपट्ट्याची, सातबारा स्वतःच्या नावावर नाही. ओळख म्हणून परदेशी नागरिकाचं नोंदणी प्रमाणपत्र, मुदत संपली की पुन्हा काढायचं. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात केंद्राने राज्यांना सांगितलं, यांना भाडेपट्ट्याचे कागद द्या, धंद्याचे परवाने द्या, कल्याणकारी योजना लागू करा. धोरण चांगलं आहे. पण बँकेच्या काउंटरवर ते कुणाला माहीत असेलच असं नाही. घरी बसून विणकाम, शिवणकाम करू पाहणाऱ्या बाईला म्हणूनच लहानशी मदत मोठी ठरते, कारण ती देणारा तारण मागत नाही.

[दृश्य: पुन्हा अरुणनगर. ऊन चढलंय. पाकिटं मोजली जातायत.]

आठ वाजले. मुडी पाकिटांत गेली. काकींचा मुलगा सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून अर्जुनीच्या बाजाराला निघाला.

शेजारची एक जण रोज या वेळी कुंपणाशी येऊन उभी राहते. तिला उडीद आणि कोहळ्याच्या बड्या करून विकायच्या आहेत. गटाच्या वहीत पुढचं नाव तिचंच आहे. मुडी कशी झाली, हे ती विचारत नाही.

"काकी, या महिन्याचा हप्ता भरला का?"