कॅल्शियमची गोळी : किती, कधी आणि कशासोबत

(ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझं बहुतेक आयुष्य औषधाच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला गेलं. बीपीची गोळी मागणारा माणूस चिठ्ठी दाखवतो, निदान डॉक्टरांनी किती पॉवरची दिली आहे ते तरी सांगतो. कॅल्शियमचं तसं नसतं. ‘गुडघे दुखतायत, एक कॅल्शियमची पट्टी द्या’, एवढंच. शेजारणीला गुण आला, म्हणून आपणही सुरू करायचं. हे औषध आहे असं कुणाला वाटतच नाही. आज मला तुमच्याशी याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण या गोळीचे नियम कुठल्याही दुसऱ्या औषधाइतकेच कडक आहेत आणि ते घरापर्यंत पोचत नाहीत.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे आत्ता पट्टी असेल त्यांनी ती उलटी करा. मागच्या चांदीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, आणि त्याखाली, त्यातलं मूळ कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. यातला आपल्या कामाचा आकडा दुसरा. कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ४० टक्केच असतं. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे कॅल्शियम सायट्रेटची गोळी असेल तर आणखी कमी, साधारण २१ टक्के. म्हणजे १००० मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीतून हाती लागतं फक्त २१० मिलिग्रॅम. दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे मोठे आकडे बघून ‘ही जास्त ताकदीची’ असं ठरवू नका.

आता गरज किती? आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जे प्रमाण ठरवलं, त्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० मिलिग्रॅम. पण हा आकडा गोळीचा नाही, दिवसभरात पोटात जाणाऱ्या सगळ्या कॅल्शियमचा आहे. दोन कप, म्हणजे ४०० मिलिलिटर दूध घेतलंत तर त्यातून साडेचारशेच्या पुढे मिळतं. नाचणीची एक बऱ्यापैकी भाकरी म्हणजे पन्नासेक ग्रॅम पीठ धरलं, तर त्यात पावणेदोनशेच्या आसपास असतं. शिवाय दही, मेथी, राजगिरा, तिळाची चटणी आहेच. ज्या घरात हे रोज ताटात आहे, तिथे एक गोळी पुष्कळ झाली, काहींना तीही नको. आणि जिथे दूध-दही बंद आहे, जेवण दोन घासांवर आलंय, तिथे गोळीची खरी गरज आहे. आधी ताट बघा, मग पट्टी.

एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर वरचं शरीरात नीट शोषलं जात नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या असतील तर एक दुपारी, एक रात्री. कार्बोनेटला शोषून घ्यायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत किंवा जेवण झाल्याझाल्या घ्यायची. रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांच्या पोटात ते आम्लच कमी असतं. अशांनी सायट्रेट चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

माझ्या मते खरी गडबड होते ती सकाळच्या डबीत. मुलं कौतुकानं वारांची कप्पेवाली डबी आणून देतात. सकाळच्या कप्प्यात थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, कॅल्शियम, बीपीची, असं सगळं एकत्र. मग एका घोटात सगळं पोटात. कॅल्शियम तिथे थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरतं उतरत नाही. तीन महिन्यांनी रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय हे सांगणारा आकडा, वाढलेला दिसतो, डॉक्टर थायरॉइडचा डोस वाढवतात आणि डबी तशीच राहते. या दोन गोळ्यांत किमान चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, इतकं सोपं आहे ते. डॉक्सीसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्सही कॅल्शियमसोबत वाया जातात. जंतुसंसर्ग बरा होत नाही आणि औषध लागू पडलं नाही असं म्हणतो आपण. हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी तर साध्या पाण्याशिवाय कशासोबतच चालत नाही. त्या सकाळी निदान अर्धा तास दुसरं काही पोटात जाऊ देऊ नका.

लोहाचंही तसंच. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर हे तिच्या कानावर घाला. सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी वेगळी. आशाताई दोन्ही एकाच वेळी हातात देतात, म्हणून त्या एकत्र घ्यायच्या असा समज होतो. दोन्हींमध्ये दोन तास तरी ठेवा, आणि लाल गोळीवर लगेच चहा नको.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी माझं एक वाक्य लक्षात ठेवा. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन या जातीची औषधं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात. त्यावर मनानं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं.

आता ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हिची. या जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा. कमतरता असेल तर डॉक्टर साधारण आठ आठवडे, आठवड्याला एक अशी देतात आणि मग कमी करतात. पण इतर गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे ही पुडीही रोज दुधातून दिली जाते. किंवा आठ आठवडे संपतात, चिठ्ठी जुनी होते, पुडी मात्र वर्षभर चालूच राहते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग भूक जाते, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. तोवर मूत्रपिंडं बिघडायला लागलेली असतात. भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवून ठेवले आहेत. औषध थांबवलं तरी परिणाम ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात.

आणि एकदम मोठा डोस दिला की हाडं एकदम मजबूत होतात, असंही नाही. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट ड जीवनसत्त्व तोंडावाटे दिलं होतं. त्या जणी तोल जाऊन कमी वेळा पडतील अशी अपेक्षा होती. त्या उलट जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कुणी परस्पर ड जीवनसत्त्वाचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन सुचवलं तर हा अभ्यास आठवा.

मोबाइलवर फिरणारा गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्याचा उपायही तुमच्यापर्यंत आला असेल. चुना तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो, आणि रोज खाल्ला तर त्यात किती कॅल्शियम गेलं याचा हिशोब कुणाकडेच नसतो. पानासोबत भरपूर चुना खाणाऱ्यांचं रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कृपा करून हे पुढे पाठवू नका.

मूतखड्याबद्दल समोरून चिठ्ठी आली आहे. जेवणातल्या कॅल्शियमनं मूतखडा वाढत नाही, त्यामुळे दूध-दही तोडू नका. गोळ्यांनी मात्र थोडा धोका वाढतो. अमेरिकेतल्या छत्तीस हजार स्त्रियांच्या २००६ च्या अभ्यासात कॅल्शियम आणि ड घेणाऱ्यांमध्ये मूतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. ज्यांना एकदा खडा होऊन गेलाय, त्यांनी विचारल्याशिवाय पट्टी आणू नये.

दुसरी चिठ्ठी : मग आजपासून बंदच करू का? नाही. हाडांच्या ठिसूळपणाचं औषध चालू असेल, बराच काळ स्टेरॉइड घेत असाल, थायरॉइडचं किंवा पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल, तर कॅल्शियम मनानं अजिबात थांबवू नका. बाकीच्यांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, केसांच्या आणि ताकदीच्या गोळ्यांसकट एका पिशवीत भरून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. एकच जीवनसत्त्व तीन-तीन पट्ट्यांत निघतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. केसांच्या गोळीतल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, तेव्हा रक्त देण्याआधी लॅबमध्येही सांगा. साठ हजाराच्या पुडीबद्दल बोलताना सांगितलेल्यांपैकी काही त्रास होत असेल तर भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी जाऊन रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन तपासून घ्या.