ठाणे अंमलदाराच्या टेबलापलीकडे

(शहर पोलीस दलात नव्यानं रुजू होणाऱ्या उपनिरीक्षकांसमोर एका निवृत्त अधिकाऱ्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

तुमची परेड झाली, फायरिंग झालं, कलमं पाठ झाली. आता तुम्ही ठाण्यात हजर व्हाल आणि पहिल्या महिन्यातच कधीतरी रात्रपाळी तुमच्या वाट्याला येईल. वरिष्ठ निरीक्षक घरी गेलेले असतील, ठाणे अंमलदार हवालदार टेबलाशी असेल, आणि अवघड प्रसंग आला की तो मान वर करून तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी तुम्ही काय सांगाल, एवढ्यावरच मला आज बोलायचं आहे. आचारसंहिता, शिस्तीचे नियम, कर्तव्यं हे सगळं पुस्तकात आहेच. पण माणसाला पोलीस भेटतो तो त्या टेबलापाशी.

माझ्या नोकरीचा चौथा महिना होता. रात्री पावणेबाराच्या सुमारास एक गृहस्थ आले. गिरणीत बदली कामगार, अंगात कामावरचाच शर्ट. चौदा वर्षांची मुलगी शिकवणीला गेली होती, ती परत आली नव्हती. मी पहिला प्रश्न विचारला, "राहता कुठं?" आमच्या हद्दीची सीमा एका नाल्यानं ठरायची. अलीकडचं आमचं, पलीकडचं दुसऱ्या ठाण्याचं. ते पलीकडे राहत होते. मी त्यांना तिकडे पाठवलं. सव्वा वाजता ते परत आले. तिकडच्यांनी सांगितलं होतं की शिकवणी नाल्याच्या अलीकडे आहे, म्हणजे मुलगी तिथून हरवली, तर तिकडेच जा. मी म्हणालो, नातेवाइकांकडे बघितलंत का, फोटो आणा, सकाळी या. हे सगळं होईपर्यंत ते उभेच होते. टेबलासमोर खुर्ची होती, पण तिच्यावर गुन्ह्यांच्या फायली रचून ठेवल्या होत्या. त्या उचलाव्यात असं मला सुचलं नाही.

मुलगी सकाळी सहाला रेल्वेच्या फलाटावर सापडली, सुखरूप. परीक्षेत नापास झाल्याच्या भीतीनं घरी गेली नव्हती. मी मनातून सुटकेचा श्वास सोडला आणि प्रकरण विसरून गेलो.

सात-आठ महिन्यांनी बीट हवालदारानं सांगितलं की त्याच गृहस्थांकडे घरफोडी झाली, पोरीच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं गेलं. मी विचारलं, फिर्याद कुठं आहे? हवालदार म्हणाला, "दिली नाही साहेब. म्हणतात, दोन ठाणी एकदा फिरून झाली." पुढं घरफोड्यांची टोळी पकडली गेली. त्यांनी त्या वस्तीतली सात घरं कबूल केली. आमच्या दप्तरी त्यातल्या फक्त दोन घरांचे गुन्हे होते. पाच घरांनी आमच्याकडे यायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांनी वेळेवर सांगितलं असतं तर तिसऱ्या घराच्या वेळीच आम्हाला माग लागला असता.

हे मी मन मोकळं करायला सांगत नाही. पोलिसांचा तपास लोकांच्या सांगण्यावर चालतो. कॅमेरे आले, मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, आल्या, तरी पहिली माहिती कुणीतरी माणूसच देतो, आणि तो ती विश्वास असेल तरच देतो. टेबलाशी सभ्य वागणं ही वरून लावलेली शोभा नाही, तपासाचं ते पहिलं हत्यार आहे.

आज तो बाप आला तर कायदा काय सांगतो? 2013 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं हरवलेल्या मुलांच्या खटल्यात स्पष्ट केलं की अल्पवयीन मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की अपहरण धरून गुन्हा नोंदवायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. नोंदवू की नको ही मुभा अधिकाऱ्याला नाही. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नं हद्दीचा वाद संपवून टाकला. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर तुम्हीच नोंदवायची. आपण ज्याला झिरो नंबरनं गुन्हा दाखल करणं म्हणतो, ते आता थेट कायद्यात आलं आहे. नंतर कागद योग्य ठाण्याकडे पाठवा, पण माणसाला पाठवू नका. फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यायची. ऑनलाइन खबर आली तर देणाऱ्याची सही तीन दिवसांत घ्यायची. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशी करता येते, पण उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं आणि चौदा दिवसांच्या आत. ही पळवाट नव्हे, हे लक्षात असू द्या. "चौकशी चालू आहे" असं सांगून महिनोन्महिने अर्ज दाबून ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि ती तोडायची जबाबदारी तुमच्या पिढीवर आली आहे.

आणखी एक. तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायची, हेही कलम 193 मध्ये आहे. एक फोन, एक मेसेज. माझ्या अनुभवात लोकांचा राग चोर न सापडण्यावर कमी असतो. "काय झालं हो" विचारायला गेलं की कुणी मान वर करून बघत नाही, याच्यावर जास्त असतो.

आता जुन्या कायद्याकडे येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चा आहे. त्याचं कलम 64 पोलिसाची सर्वसाधारण कर्तव्यं सांगतं. माझं आवडतं कलम 66 आहे. पोलिसानं जनतेशी कसं वागायचं, ते त्यात आहे. रस्त्यात पडलेल्या असहाय किंवा अपंग माणसाला शक्य ती सगळी मदत करायची. अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर ताबडतोब उपचार मिळवून द्यायचे, त्याच्या खाण्यापिण्याची, निवाऱ्याची सोय करायची. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करायचा नाही. स्त्रिया आणि मुलांशी वागताना सभ्यता पाळायची, मृदू वागायचं. स्वातंत्र्याला चार वर्षं झालेली असताना हे लिहिलं गेलं. मला या कलमाचं मोल वाटतं ते यासाठी की त्यात सौजन्याला कर्तव्याच्या यादीत बसवलं आहे. झडतीच्या वेळी कुणाची ट्रंक उलटी करून कपडे अंगणात फेकलेत, तर ते वागणं तर वाईट आहेच, पण ते कर्तव्यभंगही आहे.

झडतीवरून पंच आठवले. ठाण्यासमोरच्या टपरीवरचा तोच माणूस दहा खटल्यांत पंच, आणि पंचनामा जागेवर न जाता ठाण्यात बसून लिहिलेला, हे मी पाहिलं आहे. बचावाचा वकील दोन प्रश्नांत असा पंचनामा फाडतो आणि खरा आरोपी सुटतो. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105. त्याला कटकट समजू नका. तुम्ही सरळ वागलात तर तो कॅमेरा तुमचाच साक्षीदार आहे. आणि फिर्यादीकडून कागदाचं रीम मागवणं, घटनास्थळी जायला त्यालाच रिक्षा करायला लावणं, या गोष्टी बंद करा. आधीच लुटला गेलेला माणूस असतो तो.

कोठडीबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. 1982 साली शीला बर्से या पत्रकार महिलेनं मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीत, आणि शहरातल्या न्यायाधीशांनी अधूनमधून न कळवता कोठड्यांना भेट द्यायची. आपल्या शहराच्या पोलिसांबद्दलचा हा निकाल आहे, म्हणून तो प्रत्येकानं वाचावा. पुढं डिसेंबर 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात अकरा सूचना आल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या साक्षीदाराची सही पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आज यातलं बरंच काही संहितेतच आहे.

अटकेआधी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: याची गरज आहे का? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, कारण लिहावं लागतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार खटल्यात 2014 मध्ये न्यायालयानं हे बजावलं. साठीच्या पुढच्या किंवा आजारानं अशक्त माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर आता उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक नाही. अगदी अपवादात्मक प्रसंग असेल तर महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यायची. साक्षीचा जबाब घ्यायला स्त्रियांना, पंधराच्या आतल्या मुलांना, साठीपुढच्या वृद्धांना ठाण्यात बोलावायचं नाही, आपण त्यांच्या घरी जायचं. जिने चढायचा कंटाळा करू नका. घरी गेल्यावर माणूस निम्म्या भीतीत बोलतो, आणि दुप्पट आठवतं.

मला नेहमी विचारतात की एवढे नियम पाळायला लावलेत तर गुन्हेगाराला धाक कसा राहणार? याला मी एकच प्रसंग सांगतो. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. समोरच्याच्या हातात एके-47. ओंबळेंनी त्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना तो हल्लेखोर जिवंत पकडता आला. जिवंत सापडला म्हणून कट उघड झाला, जिवंत सापडला म्हणून खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील मिळालं, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. धाक म्हणतात तो याला. आपल्या दलाचं ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असं आहे. त्यात खलाचा निग्रह आहे, पण सज्जनाचं रक्षण आधी आलं आहे, आणि ओंबळेंनी त्या रात्री दोन्ही एका हातानं केलं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. अधिनियमाचं कलम 28 सांगतं की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावर मानला जातो. हे वाक्य वाचायला सोपं आहे. गणपतीच्या बंदोबस्तात मी सलग 36 तास उभा राहिलो आहे, घरी पोर तापानं फणफणत असताना. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो, हे मी नाकारत नाही. वरिष्ठांनी पाळ्या नीट लावल्या पाहिजेत, विश्रांतीची खोली, स्वच्छ स्वच्छतागृह दिलं पाहिजे, विशेषतः बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांसाठी. ती मागणी तुम्ही जरूर करा. पण त्या थकव्याचा हिशोब समोर रडत आलेल्या बाईकडून वसूल करू नका. तिला तुमची पाळी कितवी चालली आहे ते माहीत नसतं.

शेवटी एका मुलीनं प्रश्न विचारला, तो इथं देतो. ती म्हणाली, "सर, फिर्याद घ्यायची आमची तयारी असते. पण वरून फोन येतो की आत्ता घेऊ नका, गुन्ह्यांचा आकडा वाढतोय. तेव्हा काय करायचं?"

हे होतं. मी ते नाकारणार नाही. आधी वरिष्ठांना शांतपणे कलम दाखवा. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि ती टेबलाशी बसलेल्याला होते, फोन करणाऱ्याचा आवाज कागदावर कुठंच नसतो. तरीही दबाव आला तर ठाणे दैनंदिनी उघडा. कोण आलं, किती वाजता आलं, काय सांगितलं, ते लिहा. प्रत्येक खबरीची नोंद दैनंदिनीत झालीच पाहिजे, हेही ललिता कुमारीच्या निकालातच आहे. फोन आल्याची वेळ लिहा, खाली सही करा. शाईच्या पेनानं, मधे ओळ न सोडता. मग त्या माणसाला सांगा की अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना, लेखी खबर पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्याला पत्ता लिहून द्या.

तिनं विचारलं, "आणि बदली झाली तर?"

माझी दोनदा झाली. दोन्ही ठिकाणी टेबलं होती, आणि दोन्ही ठिकाणी समोरच्या खुर्चीवर फायली होत्या. त्या मी उचलून कपाटात ठेवल्या.