गाळातले किडे आणि कॅडमियम

श्रोतेहो, नमस्कार.

पाण्यात विषारी धातू मिसळले, मासे मेले, की बातमी होते. तळच्या गाळातल्या किड्यांची विचारपूस कोणी करत नाही. आज आपण ती करू या.

अमेरिकेत हडसन नदीच्या काठी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर, कोल्ड स्प्रिंग नावाचं गाव आहे. तिथे 1950च्या दशकात बॅटऱ्यांचा कारखाना निघाला. त्याचं निकेल आणि कॅडमियम हे धातू मिसळलेलं सांडपाणी शेजारच्या फाउंड्री कोव्ह या उथळ खाडीत जायचं. कारखाना 1979मध्ये बंद झाला. कॅडमियम गाळात राहिलं.

कॅडमियम मोठं लबाड. त्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, जवळपास कॅल्शियमच्या आयनाएवढाच, त्यामुळे कॅल्शियमच्या वाटेनेच ते पेशीत घुसतं. गाळ खाऊनच जगणाऱ्याची तर सुटका नाहीच. तरीही शास्त्रज्ञांनी तिथला गाळ चाळला, तेव्हा त्यात बारीक लाल किडे वळवळत होते. घरच्या माशांना आपण ट्युबिफेक्स घालतो ना, त्यांचेच हे भाऊबंद! शेजारच्या स्वच्छ खाडीतले याच जातीचे किडे या गाळात टिकेनात. उलट फाउंड्री कोव्हच्या किड्यांची पिल्लं स्वच्छ गाळात वाढवली, तरी ती कॅडमियम सोसतच होती. म्हणजे ही सवय नव्हे, हा आनुवंशिक बदल. आणि तोही उण्यापुऱ्या तीसेक वर्षांत.

मला विचाराल तर यात टाळ्या वाजवण्यासारखं फार नाही. हा किडा बरंचसं कॅडमियम अंगातच कोंडून ठेवतो, काही प्रथिनांना बांधून, काही बारीक कणांत. तो वाचला, त्याला खाणाऱ्याचं काय? प्रयोगशाळेत कॅडमियम साचलेलं भक्ष्य छोट्या कोळंबीला चारलं, तेव्हा तिचा शिकारीतला नेम चुकू लागला. कोळंबी मेली नाही, हे ध्यानात घ्या. मेलेले जीव मोजायला गेलेल्या पाहणी पथकाला तिच्यात काहीच वावगं दिसलं नसतं.

पुढे 1994-95 साली खाडीतला गाळ उपसला. त्यानंतर 9 ते 18 पिढ्यांत किड्यांची ती सहनशक्ती जवळजवळ नाहीशी झाली. बाहेरचे किडे येऊन मिसळले असावेत, आणि विष नसताना ती ताकद बाळगणं परवडतही नसावं. आता फाउंड्री कोव्हचा किडा शेजारच्या खाडीतल्या किड्यासारखाच कॅडमियमला बळी पडतो, आणि खाडी सुधारल्याचा एवढा चांगला दाखला मला तरी दुसरा माहीत नाही.

नमस्कार.