जुनी गाडी घाटात न्यावी

आयोजकांनी मला विषय दिला तो असा, की जुन्या गाड्यांची मंडळं नेमकं करतात काय. विषय सुचवणाऱ्या गृहस्थांच्या स्वरात किंचित शंका होती, आणि ती रास्त आहे. बाहेरून पाहणाऱ्याला आमचं एवढंच दिसतं: वर्षातून एखाद्या रविवारी मैदानावर गाड्या ओळीनं उभ्या, बॉनेट उघडी, मालक फेटा बांधून शेजारी, आणि लोक लेकरांना मडगार्डवर बसवून फोटो काढतायत. ते मडगार्डवर बसवणं तेवढं थांबवा, ही हात जोडून विनंती. बाकी फोटो हवे तितके काढा.

पण मैदानावरचं प्रदर्शन हा आमच्या कामाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे, असं माझं मत आहे. मंडळात सगळ्यांना ते पटत नाही. काही जणांची गाडी ट्रेलरवर चढून मैदानात येते आणि ट्रेलरवरूनच घरी जाते. रंग आरशासारखा, क्रोम झगझगीत, बक्षीसही त्यांनाच. माझं म्हणणं एवढंच, की गाडी रस्त्यावर निघाली पाहिजे. मंडळाची खरी कामगिरी म्हणजे आमच्या सहली. त्यांना कुणी हौस म्हणो, मी तो देखभालीचा भाग समजतो.

कारण उभी गाडी खराब होते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण चालवून जितकं झिजत नाही तितकं उभं राहून बिघडतं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्यातलं पेट्रोल काही महिन्यांत उडून जातं आणि मागं चिकट डिंकासारखा थर उरतो, त्यात जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, बुजतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, मग चाकाच्या सिलिंडरमधला पिस्टन गंजून अडकतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला अशी धरून बसते की पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. आणि उंदीर! जुन्या वायरिंगवरच्या कापडी वेष्टणाची उंदरांना काय गोडी असते कोण जाणे. यातलं बरंचसं टाळायला महिन्यातून एकदा तास-दोन तास नीट चालवणं पुरतं. नुसतं अंगणात चालू करून पाच मिनिटांत बंद करणं नव्हे. त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो.

इंग्लंडातल्या मंडळींना हे फार आधी उमगलं. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनला मोटारींचा एक ताफा निघाला होता. त्याच दिवशी तिथला नवा कायदा लागू झाला: ताशी चार मैलांची मर्यादा चौदावर गेली, आणि मोटारीपुढं माणूस चालवायची सक्ती संपली. त्याची आठवण म्हणून १९२७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्या हाइड पार्कहून पहाटे उजाडताना निघतात. साधारण साठ मैल. अट अशी, की गाडी १९०५ च्या आधीची हवी. आणि ती शर्यत नाही, पहिला नंबर कुणालाच मिळत नाही. वाटेत किती तरी गाड्या बंद पडतात, लोक थंडीत रस्त्याकडेला उभे राहून त्यांना टाळ्या देतात. मला यात आवडतं ते हे, की सव्वाशे वर्षांच्या गाडीकडून अपेक्षा एकच: पोचून दाखव.

आपल्याकडेही परंपरा नवी नाही. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ दैनिकाची रॅली १९६४ पासून आहे. मुंबईत, पुण्यात, नागपुरात मंडळं आहेत. पण सगळ्यात सुंदर उदाहरण कुठल्याच मंडळाचं नाही, ते कोल्हापूरचं आहे. छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक. ही जर्मन कंपनी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवायची. शाही दसऱ्याला ही गाडी दसरा चौकात येते, सोनं लुटायला लोटलेल्या गर्दीतून, पायी चालीनं. मोठं इंजिन, मंद वेग, वर ऑक्टोबरचं ऊन: गाडी तापण्यासाठी याहून चांगली सोय नाही. तरी ती दरवर्षी येते, म्हणजे तिच्यामागं वर्षभर कुणाचा तरी हात फिरत असतो.

राजेरजवाड्यांचं सोडा. आमच्या मंडळात बहुतेक गाड्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, साखर कारखान्याच्या कुणा जुन्या संचालकाच्या. या भागात त्या आल्या कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. म्हणून सातारा-सांगलीकडच्या वाड्यांत जुन्या शेव्हरोले आणि ब्युइक निघतात. पुढं वालचंद हिराचंद, म्हणजे आपले सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ निघाल्या आणि मग फियाट. पन्नाशीच्या दशकातली ती गोल पाठीची अकराशे, जिला सगळा महाराष्ट्र ‘डुक्कर फियाट’ म्हणतो, जिची पुढची दारं उलटी उघडतात, ती आमच्या मंडळाची लाडकी. तिच्यामागून डिलाइट आली, आणि मग पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आमच्याकडं त्याच आठवड्यात पद्मिनीच्या किमतीची चौकशी करणारे फोन सुरू झाले. माणसाची तऱ्हाच ती.

आता सहलीकडं येतो. आमचा मोसम दसऱ्याला वाहनपूजेनं उघडतो आणि होळीपर्यंत चालतो. मार्ग बरेच आहेत, पण खरी परीक्षा पुणे-वाई-पाचगणी. पहाटे निघायचं, कारण थंड हवा हाच जुन्या गाडीचा अर्धा मिस्त्री. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढं. हा नियम मोडला की ताफा तुटतो, वेगवान गाड्या शिरवळला मिसळ खात बसतात आणि मागचा बिचारा एकटा बॉनेट उघडून उभा. सगळ्यात शेवटी जीप. तिच्यात मिस्त्री, टो करायचा दोर, दोन-तीन मापांचे फॅन बेल्ट, कॉइल, कंडेन्सर, होज पाइप, पेट्रोलचा कॅन, आणि पाणी. पाणी कितीही घ्या, कमीच पडतं.

शिरवळ ओलांडलं की खंबाटकी. तिथं ट्रकच्या मागं अडकून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना पहिली गाडी आचके द्यायला लागते. नव्या माणसाला वाटतं पेट्रोल संपलं. संपलेलं नसतं, त्याची वाफ झालेली असते. जुन्या गाड्यांत टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंप तापतो, नळीत वाफेचा बुडबुडा धरतो, आणि पंप नुसती वाफ दाबत बसतो. उपाय शंभर वर्षं तोच आहे: गाडी कडेला घ्या, पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं गप्प बसा. या दहा मिनिटांत मंडळातल्या निम्म्या ओळखी झालेल्या आहेत. आमच्यातल्या एका काकूंची ॲम्बेसेडर याच घाटात हटकून थांबते. काकू स्वतः चालवतात, आणि फडकं पिळून पंपावर टाकताना कुणी मदतीला गेलं तर त्याला आधी लाडू देतात आणि मग बाजूला करतात.

घाट उतरून सुरूरला वळलं की वाई, आणि वाईतून पसरणी घाट. चढ सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण मला भीती वाटते ती संध्याकाळी उतरताना. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबत उतरलात तर ड्रम तापून फुगतो, लायनर पकड सोडतं, आणि पेडल मऊ लागतं. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनलाच गाडी धरू द्या, पाय अधूनमधून लावा. आमच्या तरुण सभासदांनी गाडी शिकली ती पॉवर ब्रेकवर, त्यांना हे पसरणीच्या वळणांवरच शिकवावं लागतं. पुस्तकातून ते पायात उतरत नाही.

वेळेची रॅली हाही एक प्रकार आम्ही करतो. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो आणि मधे कुठंतरी लपून वेळ नोंदवणारे बसलेले असतात. उशिरा आलात तर गुण जातात, लवकर आलात तरी जातात. शेजारी बसून वेळ-अंतराचा हिशोब करणाऱ्याची यात कसोटी, आणि नवरा-बायकोच्या जोड्या यात उतरतात तेव्हा निकालापेक्षा परतीचं जेवण जास्त रंगतं. यापलीकडं त्यावर बोलण्यासारखं फार नाही.

बोलायला हवं ते मिस्त्रींबद्दल. गाडी बंद पडली की आम्ही पुण्यात नाना पेठेत जातो, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरतो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जातो. भाग अजून मिळतो, नाही मिळाला तर लेथवर करून घेता येतो. पण ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या सीबी पॉइंटची फट नजरेनं जुळवणारा, टॅपेटचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह ढिला ते सांगणारा माणूस लेथवर करून मिळत नाही. अशी माणसं आता सत्तरीत आहेत. त्यांची मुलं स्कॅनर लावून काम करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, पोट त्यावर चालतं. म्हणून पावसाळ्यात, सहली बंद असतात तेव्हा, आम्ही गॅरेजमध्ये रविवार भरवतो. एक कार्बोरेटर टेबलावर, मिस्त्री मध्ये, पोरं भोवती. मिस्त्रींना आम्ही त्या दिवसाची पूर्ण मजुरी देतो. ते फुकट शिकवतील, तेवढा जीव आहे त्यांचा गाड्यांवर, पण मंडळानं तसं घेऊ नये.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर पाच हजार. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. भंगाराच्या भीतीतून सुटका झाली, हे मोठंच. पण अट अशी, की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे काकूंनी रविवारी सकाळी ॲम्बेसेडर काढून नुसतंच कात्रजपर्यंत जाऊन येणं कशात बसवायचं? मी त्याला तांत्रिक अभ्यास म्हणतो. यामुळं आमच्यातले बरेच जण साधी नोंदणीच चालू ठेवतात, दर पाच वर्षांनी पासिंग करतात, पर्यावरण कर भरतात आणि मोकळे राहतात.

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिव्हा मात्र तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. त्यावरून आमच्या बैठकीत सध्या वाद आहे तो मारुती ८०० चा. ती १९८३ च्या डिसेंबरात आली. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ती कसली क्लासिक, ती तर परवापर्यंत भाजी आणायला जात होती. अहो, डुक्कर फियाटही भाजीच आणत होती! पहिल्या वर्षांतली, मूळ भागांसकट राहिलेली ८०० आज शोधून सापडत नाही, आणि आपण तिला दारातून परत पाठवणार असू तर वीस वर्षांनी तिच्यासाठी जुना बाजार पालथा घालू. माझं मत तिला घ्यावं असं आहे. मतदान व्हायचंय.

आणखी एक ताजी डोकेदुखी पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल ओल ओढतं, जुन्या रबराच्या नळ्या आणि गाडीतल्या पंपाचा रबरी पडदा फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सुटा करून फिल्टरमध्ये आणून ठेवतं. गंमत अशी, की आमच्या सहली जातात त्या उसाच्या पट्ट्यातून, आणि त्याच उसाचं इथेनॉल आमच्या नळ्या खातं. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, तर त्यावर माझी तक्रार नाही. तोडगा सोपा आहे: नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

शेवटचं, कारण दर व्याख्यानानंतर हाच प्रश्न येतो: आजोबांची गाडी वाड्यात वीस वर्षं उभी आहे, काय करू? पहिली गोष्ट, नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस राहू द्या. मग हँडलनं इंजिन हातानं हलकेच फिरवून बघा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकलात. अडलं तर जोर लावू नका, मिस्त्री बोलवा. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा. ब्रेकचं रबर न बदलता गाडी फाटकाबाहेर नेऊ नका, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. आणि या सगळ्याच्या आधी आजोबांच्या कपाटातलं आरसी बुक शोधा. ते नसेल तर पुढचं वर्ष तुम्ही गॅरेजमध्ये कमी आणि आरटीओत जास्त असाल.